खवळलेला समुद्र आणि फणसाचे पापड

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हे ऐकताना आमच्या साडूंना ठसका लागला आणि माझी नवी सतरंजी कायमची डागाळली. आता तुमच्यापासून काय लपवायचं? फजिती माझीच आहे, तेव्हा मीच सांगितलेली बरी. दुसरे सांगतात तेव्हा फार रंगवून सांगतात, आणि आमच्या घरात रंगवायचं खातं माझ्याकडे आहे.

तर झालं असं, की बँकेत कॉम्प्युटर आले आणि मी बाहेर आलो. मला कोणी काढलं नाही हो. स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, मी स्वेच्छेनं निवृत्त झालो. पहिल्याच सकाळी आमच्या हिला सांगून टाकलं, "नलू, आता मी चित्रं काढणार. आणि फक्त समुद्राची."

"पुण्यात?" ही म्हणाली.

नवऱ्याचा उत्साह मोडायला पुण्यातल्या बाईला एक शब्द पुरतो. पण मी मोडणाऱ्यांतला नाही. स्वारगेटहून एसटी पकडली आणि दापोलीकडच्या आमच्या नेहमीच्या गावी गेलो. गावाचं नाव विचारू नका. एकदा लोकांना सांगितलं आणि त्यातूनच पुढचा सगळा घोळ झाला.

तिथे लेलेकाकूंकडे आम्ही बरीच वर्षं उतरायचो. घरगुती जेवण, नारळाच्या बागेत चार खोल्या आणि बागेचं फाटक उघडलं की समोर समुद्र. मी पहाटेपासून वाळूत स्टँड रोवून बसायचो. वाऱ्यानं कॅनव्हास उडायचा, मी पळत जाऊन आणायचो. भरतीनं दोनदा रंगांची पेटी नेली, एकदा परतही आणून दिली. एका लाटेसाठी मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलोय, थट्टा नाही. आणि माझा एक नेम होता. चित्र पुरं झाल्याशिवाय कोणाला दाखवायचं नाही. काकूंनी डोकावलं तरी मी चादर टाकायचो. चित्र पुण्याला नेऊन, शेवटचा हात फिरवून, मगच जगापुढे.

पुढे गुडघ्यानं दगा दिला. बहुतेक त्या लाटेनंच. दोन वर्षं कोकणात जाणं झालं नाही, पण मी हटलो नाही. बाल्कनीत बसून आठवणीतला समुद्र रंगवत राहिलो. आठवणीतला समुद्र जरा जास्तच खवळतो, हे नंतर कळलं.

आता जगापुढे म्हणजे कोणापुढे? त्या वर्षांत पुण्यात प्रत्येकाचं पोरगं सॉफ्टवेअरमध्ये चिकटत होतं, आणि चिकटलं की वाकडला नाहीतर बाणेरला फ्लॅट घेत होतं. दर रविवारी कोणाची तरी वास्तुशांत. लोक काय नेतात? भिंतीवरचं घड्याळ, नाहीतर लेमन सेट. तोच लेमन सेट फिरत फिरत वर्षभरात आपल्याच घरी येतो. मी ठरवलं, आपण असं काही द्यायचं जे फिरणार नाही. स्वतःच्या हातचं, सोनेरी चौकटीतलं समुद्राचं चित्र.

"अहो, या वेळी स्टीलचा डबा देऊ या," ही म्हणायची.

"डबा कोणीही देईल."

"म्हणून तर," असं म्हणून ती साडीच्या निऱ्या घालायला निघून जायची.

पहिलं चित्र दामल्याला दिलं. दामले म्हणजे बँकेत माझ्या शेजारच्या खिडकीत बसणारा, टकलावर हात फिरवल्याशिवाय ज्याचं वाक्य सुरू होत नाही तो. मग नागपूरकडून येऊन पुण्यात रुजलेल्या वानखेड्यांना दिलं. मग हिच्या मामेबहिणीला, मग समोरच्या बिल्डिंगीतल्या शहांना. असं करत करत माझे समुद्र निम्म्या पुण्यात पोचले.

आणि एक चमत्कार सुरू झाला. चित्र दिलं की दोन-तीन महिन्यांत त्या घरातून फोन यायचा.

"अरे, तू हा समुद्र कुठे जाऊन काढतोस? त्या बाईंचा पत्ता दे ना," दामले म्हणाला.

"तुमचं ते गाव आम्हाले पाहाचंच आहे," वानखेडे म्हणाले.

एकामागून एक सगळ्यांनी पत्ता नेला. मला भरून आलं हो. माणसं चित्र बघतात आणि मूळ समुद्राच्या दर्शनाला जातात, याहून चित्रकाराला काय पाहिजे? मी हिला म्हणालो, "बघ, माझ्या लाटांनी माणसं ओढली जातायत."

ही तेव्हा मटार सोलत होती. ती म्हणाली, "ओढली जातायत खरी," आणि तिने एक दाणा तोंडात टाकला. ही मंगळवारच्या भिशीला जाते आणि भिशीत सगळं कळतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मी आणखी पुढे गेलो. प्रदर्शन भरवायचं ठरवलं. शनिवार पेठेत एका मंगल कार्यालयाचं वरचं सभागृह होतं. मुहूर्त नसलेल्या आठवड्यात ते स्वस्तात मिळत होतं, ते ठरवून टाकलं. बँकेच्या जुन्या स्टाफला, नातेवाइकांना, वाण्याला, डॉक्टरला आमंत्रणं गेली. आता माघार नव्हती. बँकेत ज्यांनी मला नोटा मोजणारा म्हणून ओळखलं, त्यांनी एकदा तरी मला चित्रकार म्हणावं, एवढंच मला हवं होतं. खरंच एवढंच.

चित्रं सगळी लोकांकडे. म्हटलं, आठवड्यापुरती मागून आणू. दामल्याकडे गेलो. त्याने टकलावर हात फिरवला.

"चित्र ना? ते... फ्रेमला वाळवी लागली रे. दुरुस्तीला दिलंय."

"नवीन फ्रेमला?"

"तू पापड खा. फणसाचे आहेत."

वानखेड्यांकडे गेलो. ते म्हणाले, "पोरगा बंगलोरला गेला न, तो घेऊन गेला. त्याले करमतच नाही त्याच्याशिवाय." आणि पुढ्यात ताटली आली. फणसाचे पापड. मामेबहिणीकडे तेच. चित्र देवघराच्या खोलीत आहे म्हणाली आणि देवघरात तूर्त जाता येणार नाही म्हणाली. पापड मात्र तळून आले.

मी घरी येऊन हिला सांगितलं, "लोकांचा जीव जडलाय गं. आठवडाभरसुद्धा सोडवत नाही. आणि कोकण असं मनात भरलंय, की घरोघरी फणसाचे पापड."

हिने भिंतीवरचं कॅलेंडर उलटून पाहिलं. मग म्हणाली, "आपण एकदा लेलेकाकूंकडे जाऊन येऊ या का?"

मला ते पटलं. जुनी चित्रं मिळत नसतील तर नवीन काढू. गुडघ्याला पट्टा बांधला, स्टँड काखेत मारला आणि निघालो. या वेळी असा समुद्र काढायचा, की सभागृहात शिरणाऱ्यानं चप्पल भिजली का बघावं. एसटीत मी हे मोठ्यानं बोललो असणार, कारण शेजारच्या आजोबांनी पाय वर घेतले.

काकूंकडे पोचलो तो जेवणाची वेळ. जेवणघरात पाऊल टाकलं आणि तिथेच थांबलो.

भिंतीवर माझा समुद्र होता. त्याच्या शेजारी माझा समुद्र. खिडकीला वारा अडवायला लावलेला माझा समुद्र. नारळाच्या खोलीचं दार आपोआप मिटू नये म्हणून टेकवलेला माझा समुद्र. हात धुवायच्या जागी मोरीवर एक सूर्यास्त होता, त्यावर साबणाचे शिंतोडे उडाले होते. माझं प्रदर्शन आधीच भरलं होतं. फक्त मलाच बोलावणं नव्हतं.

"काकू," मी म्हणालो, "ही चित्रं?"

काकू वाढता वाढता थांबल्या. "बरं झालं तुम्हीच आलात. मला कधीचं विचारायचं होतं. तुमच्या पुण्यात रीत आहे का हो, समुद्रावर जाताना समुद्राचं चित्र घेऊन जायची?"

ही आमटीत बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

"येतो तो एक चित्र घेऊन येतो," काकू म्हणाल्या. "ते टकलावर हात फिरवणारे आले, त्यांनी सांगितलं, त्यांचा वास्तुवाला म्हणाला, घरात खवळलेलं पाणी असलं की सासू-सुनेचं पटत नाही. पण वास्तुशांतीचा आहेर, टाकायचा कसा? मग म्हणाले, समुद्राचं समुद्राला देतो. विसर्जनच म्हणा ना. त्यांचं बघून बाकीचे आले. मी तरी माणसाला रिकाम्या हाती कसं पाठवू? फणसाचे पापड बांधून देते झालं."

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या क्षणी मला चित्रांचं काहीच वाटलं नाही. मला ते पापड आठवले. मी प्रत्येक घरी आवडीनं खाल्ले होते आणि दामल्याकडे तर दुसऱ्यांदा मागून घेतले होते. वाईट नंतर वाटलं. समोर ताटात उकडीचा मोदक होता आणि तो मला गिळवेना, यावरून काय ते समजा.

"काकू," ही शेवटी म्हणाली, "ही सगळी यांनीच काढलीयत."

काकूंनी एकदा चित्रांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "असं होय. खाली सही आहे, पण ती वाचता येत नाही."

बँकेत तीस वर्षं माझ्या सहीची कोणाला नक्कल करता आली नव्हती. तिनेही ऐन वेळी दगा दिला.

रात्री झोप लागली नाही. पण सकाळी उठलो तो ठरवूनच. सभागृह ठरलंय, आमंत्रणं गेलीयत, प्रदर्शन होणार. काकूंना म्हणालो, "ही चित्रं मला आठवड्यापुरती न्यायची आहेत."

"सगळी न्या," काकू म्हणाल्या. "परत आणायचे कष्ट घेऊ नका."

मी भराभरा उतरवायला लागलो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या मोठ्या चित्राला हात घातला, तशा काकू धावल्या. "ते नाही. ते नाही हो देणार मी."

काय सांगू, डोळ्यांत पाणी आलं. एका तरी माणसाला एक तरी चित्र सोडवत नव्हतं. मी हळूच विचारलं, "का हो काकू? एवढं आवडलं?"

"त्याच्यामागे भोक आहे. काढलं की घूस आत येते."

ही उठून बागेत गेली. हसायलाच गेली, दुसरं काय.

प्रदर्शन झालं. दणक्यात झालं. दामले शिरला, समोर त्याचा वाळवी लागलेला समुद्र. वानखेडे आले, समोर बंगलोरला गेलेला समुद्र. कोणाला काही बोलता येईना, म्हणून सगळे नुसतं कौतुक करत सुटले. "काय रंग, काय लाट, वा!" आणि दामले सगळ्यांदेखत म्हणाला, "हा आमचा खरा चित्रकार." मला हवं होतं ते वाक्य मिळालं, मात्र ते घशातून खाली उतरलं नाही.

शेवटच्या दिवशी मी प्रत्येकाचं चित्र कागदात बांधून त्याच्या हाती दिलं. "सांभाळून न्या. तुमचा किती जीव आहे ते मला ठाऊक आहे." दामल्याचा हात टकलावर गेला, पण वाक्य काही सुरू झालं नाही. मी त्या रात्री घोरत झोपलो असं ही सांगते.

महिन्याभरात नवा कॅनव्हास ताणला. हरायचं नाही म्हणजे नाही. या वेळी शांत समुद्र काढायचा, वास्तुवाल्यालाही चालेल असा. त्यासाठी दिवाळीनंतर चार दिवस खोली हवी म्हणून काकूंना फोन लावला.

"खोली नाही हो," काकू म्हणाल्या. "तुमची पुण्याची सगळी मंडळी एकदम येतायत. दामले, वानखेडे, सगळ्यांनी आधीच सांगून ठेवलंय."

मी फोन ठेवायला लागलो. तशा काकू संकोचून म्हणाल्या, "तुमच्या ओळखीचे आहेत म्हणून सांगते. त्यांना तेवढं समजावाल का?"

"काय समजावू?"

"आमच्याकडे घूस एकच आहे."