पाणी सोडणारा

ऐंशीच्या दशकात मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. लाखनीकडच्या आमच्या गावात माझे बाबा पाणकर होते. तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत कधी सोडायचं ते बाबा ठरवायचे, आणि त्यात पाटलाचंही काही चालत नसे.

एकदा ते प्रयोगशाळेत आले. मी त्यांना सूक्ष्मदर्शकातून उंदराच्या गर्भाचा काप दाखवला. पाठीवरचा बाहेरचा थर दुमडून नळी होत होती. तिचाच पुढे मेंदू होणार होता.

"प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात," मी ऐटीत सांगितलं.

"मंग एकीचा मेंदू काहून झाला वो, अन् बाजूचीची चामडी काहून?"

"सगळी जनुकं सगळीकडे चालू नसतात, बाबा."

"म्हंजे तलाव एकच, पन पानी पाळीपाळीनं." त्यांना ते लगेच पटलं. "मंग इथला पाणकर कोन हाय?"

"अजून नीट सापडला नाही," मी म्हणाले.

"हाय तो. शोध," चपला घालता घालता बाबा म्हणाले. "कोनी सोडल्याबिगर पानी बांधीत येत नाही."