ओला पारा, सुका पारा

नागपूरजवळच्या वाडीच्या पुढे अमरावती रोड सोडून आत वळलं की आमचं गाव. टेकडीवर जुना दगडी बौद्ध विहार, पायथ्याशी इंग्रजांच्या काळातली वेधशाळा. या दोन गोष्टींवर गावाची सगळी फुशारकी. सोयरीक घेऊन आलेल्यांना आधी त्या दाखवत, मग पोरगी. वेधशाळेत साडेआठच्या नोंदी झाल्या की बाबा हात वर करत आणि विहारातले भन्ते घंटेचा टोल देत. त्या टोलावर शाळा भरायची.

बाबा तिथले निरीक्षक. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या आमच्या घराण्यात सरकारी वहीवर सही करणारा पहिला माणूस. त्यांनी मला लहानपणीच पांढऱ्या झडपांच्या पेटीतले दोन थर्मामीटर दाखवले होते. एक सुका, दुसऱ्याच्या टोकाला ओलं कापड. "ओला पारा सुक्याच्या वर कधीच जात नाही वं," ते म्हणत. "अन् जे पाह्यलं नाही, ते लिहाचं नाही. रेघ मारून सोडाचं."

आणीबाणी उठली त्या वर्षी त्यांना काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. रिटायर व्हायला तीन वर्षं होती. क्वार्टर सरकारी, आई आधीच गेलेली, माझं टायपिंग झालेलं, पण नोकरीचा कॉल काही येत नव्हता. बाबांची नोकरी गेली असती तर डोक्यावरचं छप्परही गेलं असतं.

युक्ती माझीच. सकाळी बाबा वही घेऊन पेटीसमोर ताठ उभे राहत, कारण विहाराच्या पायऱ्यांवरून सगळं दिसायचं. मी झाडू घेऊन तिथेच घुटमळायची, आकडे पुटपुटायची. ते हात वर करत, टोल पडे. मग घरी येऊन मी त्यांच्या अक्षरात वही भरायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"बरोबर लिहून राहिली ना वं?" ते रोज विचारत.

"हो बाबा."

एकदा नळ आला म्हणून घाईत धावले आणि घरी पोचेपर्यंत आकडेच विसरले. रेघ मारायला हवी होती. पण त्यांच्या वहीत इतक्या वर्षांत एकही रेघ नव्हती, ती दिसली असती तर विचारणा झाली असती. आदल्या दिवसासारखंच काहीतरी लिहिलं. दुसऱ्या वेळी तेवढा विचारही केला नाही. पावसाळ्यात तर कित्येक सकाळी मी पेटीत डोकावलेच नाही, तोंडाला येईल ते पुटपुटले. बाबा ऐकून हात वर करायचे. त्या ताठ उभ्या माणसाचा मला तेव्हा राग यायचा, हेही सांगून टाकते.

हिवाळ्यात तपासणीला साहेब आले. पानं उलटता उलटता थांबले.

"सुका पंचवीस, ओला सव्वीस? हे कसं?"

बाबा खुर्चीवरून उठले. मी जिथे होते त्याच्या जरा बाजूला तोंड करून म्हणाले, "पोरी, हे तू पाह्यलं होतं?"

मी पान उलटायला हात पुढे केला.

साहेब भला माणूस. म्हणाले, "अहो, लिहिताना आकडे उलटे पडले असतील. दुरुस्त करा, मी सही करतो." मी देवधर्म न मानणारी, पण त्या क्षणी त्यांचे पाय धरले असते.

"नाही साहेब," बाबा म्हणाले. "माह्ये डोळे गेले. बरेच महिने झाले. पोरीनं लिहिलं सारं. तिनं पाह्यलेलं राहू द्या. न पाह्यलेलं कापा, ते पुढं जाऊ देऊ नका."

साहेबांनी लाल पेन्सिल माझ्यापुढे सरकवली.

"कर वं खूण," बाबा म्हणाले. "तुले तं माहीत आहे, खरं कोणतं."

मी वही उघडली. पानामागून पान, सगळीकडे बाबांचंच वळणदार अक्षर. पाहून लिहिलेलं आणि मनाने लिहिलेलं, मला एकही वेगळं काढता येईना. शेवटी मी लिहायला लागले त्या पहिल्या पानापासून सगळ्यावर काट मारत गेले.

बाबा कान देऊन उभे होते. पेन्सिल कुठेच थांबत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा ते चाचपडत खुर्चीवर बसले.