मिस्त्रीआप्पांची शेवटची वीणा

मिस्त्रीआप्पा कुणाच्या घरी गेले की चहापाण्याआधी दारावर, खुर्चीवर बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावायचे. ‘फणस हाय, बोलतोय बघा,’ नाहीतर ‘मुका हाय,’ एवढाच निकाल. आमच्या नव्याकोऱ्या दिवाणाला त्यांनी मुका ठरवलं, तेव्हा माझे यजमान आठवडाभर फुगून बसले होते.

माझं शिलाईचं दुकान त्यांच्या कारखान्याला लागूनच. आप्पा पोटासाठी दारं-चौकटी करत आणि जिवासाठी भजनाच्या वीणा. पण वीणा घ्यायला कुणी येईना. सोलापुरात सुतारकामाचं प्रदर्शन भरणार असं कळलं, तसे म्हणाले, ‘ताई, फारम भरा. ही शेवटची वीणा. तितं कुणी विचारलं न्हाय, तर पुन्हा करणार न्हाय.’ बोलले की करणारा माणूस. मला धसकाच बसला.

म्हणून मी नको तो शहाणपणा केला. प्रदर्शनात सगळं चकचकीत असणार! आप्पा अक्कलकोटला दर्शनाला गेले, तेवढ्यात मी पॉलिशवाल्याला बोलावून वीणेवर दोन हात मारून घेतले. आल्यावर आप्पांनी तार छेडली. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते रागावलेसुद्धा नाहीत. ‘चमकायला ही काय कपाट हाय व्हय, ताई?’ म्हणाले आणि काचकागद घेऊन दिवसभर घासत बसले. आवाज बराचसा मोकळा झाला, पण डाग राहिले.

परीक्षकांनी डागांवरून बोट फिरवलं आणि पुढे गेले. बक्षीस एका झोपाळ्याला मिळालं. आप्पा आवराआवर करू लागले. इतक्यात होटगीच्या भजनी मंडळातल्या एक बाई थांबल्या. ‘हात लावू नये’ची पाटी आप्पांनी उलटी केली आणि वीणा त्यांच्या हातात दिली. बाईंनी तार छेडली, डोळे मिटले, पुन्हा छेडली.

‘लई गोड हाय की. हीच द्या मला.’

मी मनात म्हटलं, सुटले बाई एकदाची. तर आप्पांनी मान हलवली. ‘ही न्हाय, मावशी. हिला पॉलिश लागलंय, पुरतं उतरलं न्हाय. तुमाला नवी करून देतो.’

बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं आणि ते माझ्याकडे बघून हसायला लागले.

आता आप्पा कुंभारीला लेकीकडे असतात, तिथंही वीणाच करतात. जाताना ती डागाळलेली वीणा माझ्या मशीनशेजारी ठेवली.

‘चूक तुमची, वीणा बी तुमचीच,’ म्हणाले.