पुढची दोन चाकं

सुखराम मामाजींचा उजवा हात कधी थांबत नसे. चहाचा कप डाव्या हातात, आणि उजवा मांडीवर, मनगटातून हलकेच हलत असलेला. लग्नाच्या पंगतीत तेच, न्हाव्याच्या खुर्चीत तेच, मयतीच्या घरी खाली मान घालून बसलेले असतानाही तेच. नवा माणूस बघायचा आणि पटकन नजर वळवायचा. शेवटी आत्याबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांना ओढत भंडाऱ्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांना कंपवाताची शंका आली. मामाजी म्हणाले, "हात नाही हालत साहेब. मी पाणी हालवून राहिलो." डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. त्या मामाजींनी घेतल्या नाहीत.

पाणी हलवणं खरं होतं. आम्ही ढिवर, मासे धरणारे. तरुणपणी मामाजी कावडीला दोन हंड्या लावून माशांचं बी या तलावातून त्या तलावात पायी न्यायचे. चालताना कावडीच्या हेलकाव्याने पाणी उसळत राहतं, पण कुठे टेकलं की हात घालून ते हलवत बसावं लागतं. पाणी थांबलं की त्यातली हवा संपते आणि बारकी मासोळी पोट वर करून तरंगायला लागते. पुढे प्लास्टिकच्या पिशव्यांत ऑक्सिजन भरून बी यायला लागलं. कावडी आढ्याला टांगल्या गेल्या, पण मामाजींच्या मनगटाला ही बातमी कुणी दिली नाही.

मी या गावची सून. सिहोऱ्याच्या पुढे, आत, आमचं गाव. मामाजी शेजारचे, नात्याचे कुणी नाहीत, पण आमच्याकडे सासऱ्याच्या वयाच्या माणसाला सून मामाजीच म्हणते. मधली काही वर्षं ते चिखल्याच्या खाणीवर एका ठेकेदाराची गाडी चालवायला होते. त्याने मोडीत काढलेली जिप्सी घेऊन ते गावी परतले. छोटीशी, वर फाटकी ताडपत्री, चारही चाकांनी ओढणारी, आणि पेट्रोल प्यायला एक नंबर. गावात कुठलीही गाडी आली की पहिला प्रश्न ठरलेला, एव्हरेज किती देते? मामाजी म्हणायचे, "गाडी काही देत नाही गा. गाडी घेते. आपण कमी द्याचं."

ते कमी देणं म्हणजे त्यांचा दिवसभराचा उद्योग होता. गाडीत बसले की चप्पल सीटखाली. अनवाणी पायाने चालवायचे. "पेट्रोल टाकीत नसते, तळपायात असते," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. चप्पल घालून गाडी चालवणारा माणूस त्यांच्या मते हातमोजे घालून भात कालवणाऱ्यातला होता. उतार दिसला की चावी बंद. समोर लांबवर म्हशींचा कळप दिसला की चावी बंद. इंजिन बंद असलं की ब्रेक जड होतो, हे मला त्यांनीच सांगितलेलं, आणि तरी उतारावरून ती गाडी गुपचूप घरंगळत सोडायचे. मी शेजारी बसून सगळे देव आठवायची. तुमसर रोडला रेल्वेचं फाटक लागलं की गाडी बंद करून हे खाली. गाडीला एक चक्कर, टायरला लाथ, रुळाकडे नजर, पुन्हा एक चक्कर. गाडीला विश्रांती मिळायची, त्यांना नाही. बघून बघून माझाच जीव वरखाली व्हायचा.

आणि ती पुढची चाकं. या गाडीची मागची चाकं इंजिनाच्या जोराने फिरतात. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक गोल बटण असतं, त्याला हब म्हणतात. खाली उतरून दोन्ही हब हाताने फिरवून लॉक करायची, मग आतला दांडा ओढायचा, की चारही चाकं जोर लावतात. हब मोकळी ठेवली की पुढची चाकं नुसती सोबत फिरतात, गाडी हलकी पळते, पेट्रोल वाचतं. मामाजींनी ती मोकळीच ठेवली होती, गाडी आणली तेव्हापासून. मी म्हणायची, निदान पावसाळ्यात तरी लॉक करा. ते म्हणायचे, "घरातले सप्पाच लोक एकदम धानाच्या रोवण्याले गेले तं चूल कोण पेटवन? दोघाले आराम करू दे. टाइम पडला का उठवू."

टाइम पडला तो आमच्या बोडीच्या वेळी.

बोडी म्हणजे लहान तलाव. गावात मच्छीमार सोसायटी होती, पण ती पुरुषांची. आम्हा बायांचा बचत गट होता, त्यात लोणची-पापड करून सगळ्यांचे हात आंबले होते. जन्म गेला मासोळी विकण्यात, आणि पाण्यावर हक्क नाही, हे मला पहिल्यापासून खुपायचं. आम्ही बोडी मागितली. सोसायटीने बरीच टाळाटाळ करून गावाबाहेरची सगळ्यात रद्दी बोडी दिली, बेशरमाच्या झुडपांनी गच्च भरलेली. एक साल घ्या, हसत म्हणाले, मासोळी झाली तर बोडी तुमची, नाही तर परत. परत येणार याची त्यांना खात्रीच होती. आम्ही उन्हाळाभर कमरेएवढ्या गाळात उभं राहून बेशरम उपटलं. आता बी जगलं पाहिजे होतं, बस.

मत्स्यबीज केंद्रातून बोटुकली आणायला मामाजी स्वतःहून तयार झाले. बोटुकली म्हणजे बोटाएवढी झालेली पिल्लं, रोहू आणि कटला. सकाळी निघालो. मागे पिशव्यांवर ओली पोती टाकून माझी जाऊ शेवंता बसलेली, पुढे मी. मामाजी त्या दिवशी उतारालाही चावी बंद करेनात. मी विचारलं, काहून? म्हणाले, "आज पेट्रोल नाही वाचवाचं, टाइम वाचवाचा." हा माणूस पेट्रोल सोडतो म्हणजे गोष्ट सोपी नाही.

डांबरी रस्ता बरा होता. शेवटची पांदण मात्र ट्रॅक्टरांनी पार कालवून ठेवली होती. बोडी समोर दिसत होती, पाळीवरचा, म्हणजे तिच्या बांधावरचा, पळस दिसत होता, आणि गाडी रुतली. मागची चाकं गरागरा फिरली आणि आणखी खाली गेली. मामाजींनी लगेच इंजिन बंद केलं, चिखलात उतरले, डावं हब फिरवून लॉक केलं. मग उजवीकडे गेले. बराच वेळ वर येईनात. मी वाकून पाहिलं. हब जागचं हलत नव्हतं. पकड लावली, दगडाने ठोकलं, शिव्या घातल्या. इतकी वर्षं आराम केलेलं ते चाक आता उठायला तयार नव्हतं.

ऊन निघालं होतं. शेवंता मागून ओरडली, पिशव्या गरम होऊन राहिल्या, एका पिशवीत मासोळी वर येऊन राहिली. मी मामाजींकडे पाहिलं. ते चिखलात उभे होते, हबकडे बघत, आणि त्यांचा उजवा हात खाली लोंबत होता. थांबलेला. तो थांबलेला हात मी अजून विसरले नाही. उन्हाळाभरचं गाळातलं उभं राहणं, सोसायटीतली ती हसरी तोंडं, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी ओरडले, "मामाजी, हात!"

त्यांनी हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दचकून जागे झाले. बाजूच्या बांधीत, धानाच्या शेतात, आमच्याच गटातल्या बाया रोवणं करत होत्या. मामाजींनी हाका मारून सगळ्यांना बोलावलं, त्यांचे शिदोरीचे गंज, म्हणजे पातेली, रिकामे करायला लावले, बांधाच्या वरच्या अंगाचं स्वच्छ पाणी त्यात भरलं, अंदाज घेत घेत बोटुकली सोडली. एकीने नव्याकोऱ्या गंजात मासोळी नको म्हटलं, तर तिला इतकं बोलले की ती पुढे वर्षभर लाजत होती. मग कमरेवर गंज घेऊन आम्ही धुऱ्यावरून, शेताच्या अरुंद बांधावरून, निघालो. मामाजी मागे-पुढे पळत प्रत्येकीचा हात बघत होते. खांद्यातून नाही, मनगटातून. एवढ्या जोरात नाही, मासोळीले चक्कर येते. "पाण्याले झोपू देऊ नका व," एवढं एकच ते सारखं म्हणत होते. धुरा निसरडा, एक हात गंजाला, एक पाण्यात, पदर कुठे चालला कुणाला शुद्ध नव्हती. मी दोनदा घसरले, गंज सोडला नाही.

काही मासोळी मेली. तिचं वाईट वाटलंच. पण बाकीची बोडीच्या पाण्यात सुळकन निघून गेली, आणि त्या हिवाळ्यात आम्ही जाळं ओढलं तेव्हा सोसायटीचे सगळे पुरुष पाळीवर उभे राहून बघत होते. बोडी आमच्याकडे राहिली. आजही आहे.

मामाजींना मात्र त्यात सुख नव्हतं. सगळं गाव त्यांचं कौतुक करत होतं, आणि हे गाडीच्या चाकापाशी बसून हब खोलत होते. जंग चढला होता आत, बाकी काही नाही. घासून, तेल घालून ते सुरू केलं. मला म्हणाले, "मी पेट्रोल वाचवलो आन चाकाले विसरलो. वाचवून ठेवलेली चीज मयन्यातून एकडाव वापरली पायजे, सूनबाई. नाही तं ते वाचत नाही. ते मरते, आन आपल्याले मालूमही पडत नाही."

तेव्हापासून महिन्यातल्या एका बाजाराच्या दिवशी ते रिकामी गाडी पांदणीवर न्यायचे. उतरायचे, दोन्ही हब लॉक करायचे, आणि विनाकारण, विनाओझ्याचं, चारही चाकांनी पांदण पार करून परत यायचे. पेट्रोल फुकट जाताना त्यांचा चेहरा मयतीला निघाल्यासारखा व्हायचा. पण एक महिना चुकवला नाही. पुढे त्यात मला बसवलं, मग मला चालवायला लावलं. अनवाणी, अर्थात. मी क्लच जास्त दाबला की डोकं धरून बसायचे. "तू मले भिकारी करशील," म्हणायचे, आणि पुन्हा चावी माझ्याच हातात द्यायचे. मी एकदा चिडून म्हटलं, मला कायले शिकवता, तुम्ही आहात ना. तर म्हणाले, मीही एक हबच आहे, आज ना उद्या जाम होणार. मला असलं बोलणं आवडत नाही, मी त्यांना गप्प केलं.

ते गेले उन्हाळ्यात. ताप होता, साधाच वाटला. मी गेले तेव्हा खाटेवर होते, डोळे मिटलेले, बोलणं नाही, हात तेवढा चादरीवर हलत होता. रात्र तशीच गेली. सकाळी आत्याबाई म्हणाल्या, थांबला.

आमच्याकडे घाट बावनथडी नदीच्या वाळूत. तिरडी खांद्यावरून जाते, लाकडं बैलगाडीतून. आत्याबाईंनी जिप्सीची चावी माझ्या हातात दिली आणि लाकडं हिच्यात ने म्हणाल्या. एक-दोन म्हातारे कुरकुरले, बाया घाटावर येत नाहीत म्हणून. आत्याबाईंनी पहिलं लाकूड स्वतः उचलून गाडीत टाकलं.

मी नदीचा काठ उतरले आणि वाळूत गाडी बसली. मागची चाकं गरागरा फिरली. मी आधी इंजिन बंद केलं. मागून कुणीतरी म्हणालं, राहू दे, बैलगाडी बोलावतो. मी उतरले. वाळू तापलेली होती, चप्पल सीटखाली होती. डावं हब लॉक केलं. मग उजव्यापुढे उकिडवी बसले आणि बोट लावायला मन धजेना, कारण ते अडलं असतं तर मी तिथून उठलेच नसते.

ते दोन बोटांनी फिरलं. कडेला नवं तेल होतं, वाळू चिकटायला लागलेली. गेल्या बाजाराला त्यांना ताप होता, तरी ते पांदणीवर जाऊन आले होते, आत्याबाईंशी भांडून.

मी तिथे खूप रडले. मग गाडीत बसले, दांडा ओढला, अनवाणी पाय ठेवला. तिरडी पुढे पोचली होती, लोक खोळंबले होते.

"आज पिऊ द्या तिले, मामाजी," मी म्हटलं, आणि पाय पूर्ण दाबला. चारही चाकांनी वाळू धरली आणि गाडी निघाली.