हात वर करण्याइतकी जागा

सदर भागातल्या एका होजियरीच्या दुकानात मी अकरा वर्षं काउंटरवर होते. बायकांचे आतले कपडे विकणारे तिथे माझ्याशिवाय सगळे पुरुष. बाई आली की सेल्समन तिच्याकडे एकदा बघायचा आणि माळ्यावरच्या माणसाला ओरडून सांगायचा, "अडतीस काढ गा, क्रीममध्ये!" दुकानातल्या सगळ्यांना ते कळायचं. बाई मान खाली घालून पिशवी घेऊन जायची आणि चार दिवसांनी बदलायला यायची, कारण अडतीस तिचं माप नसायचंच. ट्रायल रूम होती. तिच्यात खोके ठेवलेले असत.

मुलगी कॉलेजात गेली तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, मला माझं दुकान काढायचं आहे. तो मिहानमधल्या एका कंपनीत मालाचं स्टोअर सांभाळतो. "काढ," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी मोजायचा टेप आणून दिला.

जागा सदरमध्येच, मागच्या गल्लीत मिळाली. दहा फूट रुंद, अठरा फूट खोल. घरमालक काका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, काकूंसोबत वरच्या मजल्यावर राहायचे. कराराचा मसुदा त्यांनी स्वतः लिहायला घेतला. 'व्यवसायाचे स्वरूप' या ओळीवर पेन थांबलं.

"कापड लिहितो," ते म्हणाले.

"कापड नाही ना काका. उद्या कोणी म्हणेल, करारात हे नव्हतंच."

त्यांनी बराच विचार करून लिहिलं, 'स्त्रियांच्या अंतर्गत बाबी'. मी म्हटलं, असं लिहिलं तर लोक सासू-सुनांची भांडणं घेऊन येतील.

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "सरळ लिहा ना! दोरीवर वाळते ते चालते, कागदावर काहून लाजून राहिले?"

अखेर 'स्त्रियांची अंतर्वस्त्रे व तत्सम वस्तू' यावर सह्या झाल्या. 'तत्सम' काकांनी स्वतःहून घातलं. त्याखालीच अट होती: भिंतींना कोणत्याही प्रकारचे भोक पाडता येणार नाही.

मग मिस्त्री आला. त्याने कागदावर तीन बाजूंना रॅक काढले आणि कोपऱ्यात अडीच फुटांची ट्रायल रूम.

"एवढीशीच?"

"सगळीकडे एवढीच राहते, ताई. तिथं कोणी झोपते का?"

मी खडूने फरशीवर अडीच फुटांचा चौकोन आखला आणि त्याला आत उभं केलं. "आता शर्ट डोक्यावरून काढताय असं करा." त्याने दोन्ही हात वर नेले. एक कोपर रेषेबाहेर गेलं, दुसरं भिंतीवर आपटलं. तेवढ्यात काका भाजी घेऊन दारातून गेले. त्यांनी पाहिलं आणि काही न विचारता जिना चढले.

खोली चार फुटांची झाली. एक रॅक गेला. संध्याकाळी नवऱ्याने नकाशा पाहिला. "माल कुठं ठेवशील?"

"कमी ठेवीन."

तो स्टोअरवाला माणूस, त्याला हे पटणं शक्यच नव्हतं. सकाळी मात्र काउंटरखाली खण कसे बसतील, त्याचं चित्र काढून गेला.

प्लायची खोली उभी राहिली ती मे महिन्यात. दार जमिनीपर्यंत, फट कुठेच नाही, आतून भक्कम कडी. काकू बघायला आल्या, आत गेल्या, आणि लगेच बाहेर आल्या. "बसायला स्टूल ठेव वं. माझ्यासारखीचे गुडघे वाकत नाहीत. आणि हवा कुठून येते?"

हवा कुठूनच येत नव्हती. एग्झॉस्ट पंखा हवा होता, म्हणजे भिंतीला भोक. काकांनी करार आणून अटीवर बोट ठेवलं. मी म्हटलं, एकदा आत बसून पाहा. कचेरीत पाहणी करायची सवय असल्यामुळे त्यांना यात गैर काही वाटलं नाही. ते घड्याळ बघत आत गेले, कडी लावली. बाहेर काकू, मी आणि मिस्त्री उभे. चार मिनिटांनी कडी उघडली. सदरा पाठीला चिकटला होता. वर जाऊन त्यांनी पुरवणी लिहिली: 'नऊ इंच व्यासाचे, गोल, एकच'.

मी दोन बायका कामावर ठेवल्या. माप ओरडायचं नाही, चिठ्ठीवर लिहायचं, एवढंच त्यांना शिकवलं.

दुकान उघडल्यावर दुसऱ्या आठवड्यात पारशिवनीहून एक आई लग्न ठरलेल्या मुलीला घेऊन आली. मुलगी वीस मिनिटं आत होती. कोणी दार वाजवलं नाही. ती बाहेर आली तेव्हा आईने पदर सारखा केला आणि हळूच विचारलं, "मले बी माप घेऊन देता का?"

मी तिला आत नेलं. टेप पाठीमागून फिरवताना ती श्वास रोखून उभी होती. "पन्नाशी आली," ती म्हणाली, "आजवर कोणी मोजलंच नाही." मी आकडा चिठ्ठीवर लिहून तिच्या हातात दिला. तिने तो दोनदा वाचला, चिठ्ठी घडी करून बटव्यात ठेवली आणि म्हणाली, "क्रीम नको. लाल दाखव."