दादाला माफ करायला गेलो तेव्हा

थोरल्या भावाला माफ करायला मी पळस्प्याला गेलो, तेव्हा तो घरी नव्हता.

चार वर्षं आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. दादा आमच्या पनवेलच्या चर्चमधल्या गायकमंडळाचा प्रमुख. चार वर्षांपूर्वीच्या नाताळात, ऐन उपासनेत त्याने गाणं थांबवलं आणि सगळ्या मंडळीसमोर मला म्हणाला, "आनंदा, तू नुसते ओठ हलव." (माझा सूर किंचित वर गेला होता. किंचितच.) मी ओठ नाही, पाय हलवले. जाताना पेटीही उचलून नेली, कारण पेटी माझी होती. उरलेली गाणी मंडळीने टाळ्यांवर म्हटली म्हणे. तेव्हापासून चर्चमध्ये दादा उजवीकडे बसायचा आणि मी डावीकडे.

मग एका रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी हॉलमध्ये पडदा लावून एक युद्धाचा सिनेमा दाखवला. शत्रूच्या छावणीत अडकलेले कैदी. एक पहारेकरी त्यातल्या एका कैद्याला उगाचच्या उगाच बडवायचा. शेवटी युद्ध संपतं, तोच पहारेकरी जखमी होऊन चिखलात पडतो आणि तो कैदी आपल्याजवळचं शेवटचं पाणी त्याला पाजतो. "प्रभूने शिकवलेली क्षमा ती हीच," एवढंच पाळकसाहेब बोलले. मी माझा रुमाल भिजवून बायकोचा घेतला होता.

घरी जेवताना मी जाहीर केलं, "मी दादाला माफ करणार. आजच."

"मग फोन करा की," सुलभा म्हणाली.

"माफी काय फोनवर द्यायची गोष्ट आहे? त्या कैद्याने फोन केला होता का?"

सुलभाने मला आणखी भात वाढला. (वाद घालायचा नसला की ती भात वाढते.)

चार वाजता रिक्षा करून पळस्पे गाठलं. रस्ताभर चेहरा क्षमाशील ठेवायचा सराव केला. एस्तेरवहिनीने दार उघडलं आणि ती बघतच राहिली.

"भाऊजी, तुम्ही? अहो, हे तर तुमच्याकडे गेलेत."

"माझ्याकडे? कशाला?"

"तुम्हाला माफ करायला."

मला माफ? मी केलं काय होतं? लगेच घरी फोन लावला. सुलभा म्हणाली, "हो, दादा आलेत. चहा घेतायत. तुम्हाला मनापासून माफ केलंय म्हणतात." मग फोन दादाने घेतला. चार वर्षांनी त्याचा आवाज कानावर पडला.

"तू तिकडे काय करतोयस?"

"तुला माफ करायला आलोय."

"मला? पेटी कोणी पळवली होती?"

"आणि भर चर्चमध्ये कोण बोललं होतं?"

"थांब तिथेच. मी येतो."

"तू थांब. मीच येतो."

दोघांनीही एकाच वेळी फोन ठेवला, त्यामुळे नक्की कोणी थांबायचं ते ठरलंच नाही. पळस्पे फाट्याजवळ ट्रॅफिकमध्ये माझी रिक्षा अडकली, तर पलीकडच्या रिक्षात दादा. दोघंही उतरलो. मध्ये हायवे. एकामागून एक कंटेनर जात होते आणि आम्ही दोन्ही कडांना उभे राहून एकमेकांना माफ करत होतो.

"मी तुला माफ केलंय," मी ओरडलो.

"काय साफ केलंस?"

एवढ्यात दादाने सरळ रस्ता ओलांडायला सुरुवात केली. वय एकसष्ट, गुडघे दुखरे, आणि लक्ष सगळं माझ्याकडे. एका कंटेनरचा हॉर्न अगदी त्याच्या कानाशी वाजला. दादा कसाबसा डिव्हायडरवर चढला आणि तिथेच उभा राहिला. माझ्या बाजूची वाहनं जरा थांबली तसा मी धावलो आणि त्याचा दंड घट्ट धरला.

काय बोलायचं ते रिक्षात पाठ केलं होतं. पण तोंडातून निघालं भलतंच. "दादा, मला माफ कर."

तो हळूच म्हणाला, "सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं मी. तू मला कर."

फाट्यावरच्या टपरीवर चहा घेताना त्याने विचारलं, "सिनेमा बघताना तू स्वतःला कोण समजत होतास?"

"कैदी. तू?"

"मीही कैदीच."

आम्ही चहा फुंकत बसलो. दोघांच्याही डोक्यात बहुधा एकच आलं होतं, की आख्ख्या छावणीत पहारेकरी कोणी नव्हताच. घरी आल्यावर हे सुलभाला सांगितलं, तर ती म्हणाली, "होते की. दोन होते."

हल्ली दादाचा रोज सकाळी फोन येतो. आधी माफी कोणी मागितली, यावर आमचा वाद चालतो. परवा मी म्हटलं, "बरं बाबा, तूच आधी मागितलीस." दादा खूश झाला. खरं काय ते मला माहीत आहे, पण मी मोठ्या मनाने सोडून दिलं. ते कोणाच्या लक्षातच आलं नाही, म्हणून हे सगळं लिहायला घेतलं.