शिगेचं वजन

"पहिले वजन, मंग बोलणं," असं म्हणत भाऊ सुरीच्या पाठीने गिलासावरचा मैदा सपाट करत आणि गिलास काट्यावर ठेवत. त्यांच्या स्वयंपाकघरात पाहुण्याला बसायला खुर्ची नव्हती. काट्याला मात्र स्वतःचं स्टूल होतं.

चंद्रपूरच्या कचेरीत ते मला वरिष्ठ होते. काम एकच, मामा तलावांतला, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांतला गाळ. खोदताना तो घनमीटरमध्ये मोजायचा, ट्रकमध्ये भरताना टनात. त्यामुळे जगातलं कोणतंही माप वजनात बसवता येतं, अशी त्यांची समजूत झाली होती. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल.

बायको गेल्यानंतर पुण्यात नोकरी करणारी मुलगी एकदा फोनवर म्हणाली, "बाबा, माह्या वाढदिवसाले घरीच आहो मी. आईचा केक खायचा आहे."

वहिनी कुकरच्या तळाशी मीठ पसरून केक करत. दोन गिलास मैदा, एक गिलास साखर, एवढं भाऊंना ऐकून माहीत होतं. गिलास घरातच होता. त्यांनी तो सपाट भरला, तोलला. एकशेवीस ग्रॅम. आकडा मिळताच ते निश्चिंत झाले. केक मधोमध खचला.

"मामा तलाव झाला गा," ते म्हणाले आणि काठाचा तुकडा मला दिला. "कसा आहे?"

"चांगला आहे, भाऊ."

आत लापशी होती. मी शेजारी राहत असल्याने पुढचे सगळे केक मीच खाल्ले आणि सगळ्यांना चांगलं म्हटलं. खरं बोललो असतो तर त्यांचा मैदा वाचला असता, हे मला अजून टोचतं.

"तू त कचेरीतल्या चहालेही चांगलाच म्हणत होता," असं म्हणून ते पुन्हा तोलायला बसत. त्यांनी मैदा बदलला, काट्याचे सेल बदलले, कुकरचं रबर बदललं. आकडा बदलला नाही.

वाढदिवसाला मुलगी आली. वडील सुरी फिरवताना पाहून दारातच थांबली.

"बाबा, हे काय करून राह्यले?"

"सपाट."

"आई कुठी सपाट करत होती? मूल गावची ना ते. माहेरी धान मोजत तशी शीग ठेवायची. सपाट माप दुकानदाराचं, म्हणायची."

तिने गिलासाच्या काठावर मैद्याचा डोंगर चढवला. भाऊंनी घाईने काटा पुढे केला. एकशेसत्तर. पुन्हा भरायला लावलं. एकशेपंचावन्न. तिसऱ्यांदा शीग ढासळून ओट्यावर पडली.

"एक काही ठरव ना, बाई!"

"आई कुठी ठरवत होती?"

 मग, तलावाच्या बांधाला सुरक्षिततेसाठी धरायचे तसा भाऊंनी जास्तीचा आकडा धरला. एकशेसत्तर. केक खचला नाही. विटेसारखा उभा राहिला.

"तू बोलू नको," त्यांनी मला आधीच बजावलं.

मुलगी बराच वेळ चावत राहिली. "चांगला आहे, बाबा. पण आईसारखा नाई. तिचा मऊ राहे."

"किती मऊ?"

"ग्रॅममध्ये सांगू?"

दोघंही हसले. मग भाऊ सुरी धुवायला गेले आणि बराच वेळ एक सुरी धूत राहिले.

पुढे दर वाढदिवसाला त्यांनी तोच केक केला. मऊ करायचा प्रयत्न पुन्हा केला नाही. "पोरगी खाते ना," एवढंच म्हणत.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. वाढदिवसाला मुलीचा मला पुण्याहून फोन आला.

"काका, केक करून राह्यली मी. बाबा गिलासाले किती ग्रॅम घेत होते?"

"कशाला तोलतेस? शीग लावून भर. आईसारखा होईल."

"आईचा नाई, काका. बाबांचा पायजे."

मी आकडा सांगितला. तसा केला तर घट्ट होईल, दाताला लागेल, हेही सांगितलं.

"हो," ती म्हणाली. "तसाच."